वैज्ञानिक अभ्युपगमांचे विगामी मूल्यमापन : सेमेलवाइस यांच्या उदाहरणाची चिकित्सा

प्रस्तावना : अभ्युपगमाची कसोटी कशी लागते हे स्पष्ट करताना कार्ल हेम्पेल यांनी ‘फिलॉसफी ऑफ नॅचरल सायन्स’ (१९६६) या ग्रंथात इग्नाझ सेमेलवाइस यांच्या संशोधनाचे उदाहरण घेतले आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील पहिल्या प्रसूती विभागात १८४६ मध्ये ११.४ टक्के माता सूतिकाज्वराने दगावल्या. दुसऱ्या विभागात हे प्रमाण २.७ टक्के होते. पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थी, तर दुसऱ्यात सुईणी काम करीत.

हेम्पेल यांची मांडणी : शवविच्छेदनाच्या वेळी जखम होऊन कोलेच्का या सहकाऱ्याचा १८४७ मध्ये तशाच लक्षणांनी मृत्यू झाला. त्यावरून शवातील द्रव्य विद्यार्थ्यांच्या हातांवाटे पसरते, हा अभ्युपगम सुचला. क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे होताच १८४८ मध्ये पहिल्या विभागातील मृत्युप्रमाण १.२७ टक्क्यांवर आले. तरीही उत्तरांग खरे ठरल्याने पूर्वांग सिद्ध होत नाही, असे हेम्पेल बजावतात. पुढे कर्करोगग्रस्त स्त्रीला तपासल्यानंतर हात पुन्हा निर्जंतुक न करता तपासलेल्या १२ पैकी ११ स्त्रिया दगावल्या. संबंध शवाशीच नव्हे, तर जिवंत देहातील सडक्या द्रव्याशीही होता. यशस्वी ठरलेला मूळ अभ्युपगम अपुरा निघाला.

चिकित्सा : हेम्पेल यांच्या मते प्रतिस्पर्धी अभ्युपगमांचा त्याग निगामी स्वरूपाचा आहे. हे पूर्णतः पटत नाही. गर्दी दुसऱ्या विभागात अधिक होती, एवढ्यावरून ‘गर्दीने रोग होतो’ हे विधान तर्कतः खोटे ठरत नाही. त्यातून दोन विभागांतील फरकाचा उलगडा होत नाही, इतकेच. पीटर लिप्टन यांनी १९९१ मध्ये याच तुलनात्मक स्पष्टीकरणावर भर दिला. हे मिल यांच्या व्यतिरेक पद्धतीचेच (१८४३) रूप होय. मात्र ती पद्धती एकच भेद असण्याची अट घालते, आणि दोन विभागांत अनेक भेद होते. हात धुण्याच्या प्रयोगाने त्यांतील एक भेद वेगळा काढला, म्हणून त्या पुराव्याचे वजन अधिक.

निष्कर्ष : विगमन निश्चिती देत नाही, ते संभाव्यतेची प्रत ठरवते. सूतिकाज्वराच्या रुग्णांत साखळीरूप जंतू पाश्चर यांनी १८७९ मध्ये दाखविले, तेव्हा सेमेलवाइस यांच्या निधनाला (१८६५) १४ वर्षे लोटली होती. कारणाची यंत्रणा कळेपर्यंत थांबण्याची किंमत मातांनी मोजली. म्हणून अभ्युपगम स्वीकारताना पुरावा किती आहे याबरोबरच, तो नाकारण्यात चूक झाल्यास कोणाची हानी होईल, हाही प्रश्न मूल्यमापनात यावयास हवा. हेम्पेल यांच्या या विवेचनात त्याला जागा नाही.