साखरेतला खडा

‘शुगर हा मूळचा आपलाच शब्द’ हे खरं, पण अर्धंच. संस्कृत ‘शर्करा’ म्हणजे आधी खडे, वाळू. मग दाणेदार गोडी. फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’ या वाटेने तो युरोपात गेला; जर्मनमध्ये ‘त्सुकर’, स्वीडिशमध्ये ‘सोकर’, इंग्रजीत ‘शुगर’ झाला. वाटेत खडा विरघळला, गोडी उरली.

या अभिमानात मला बारामती-इंदापूरच्या उसाच्या फडातला एक शब्द कुठेच दिसत नाही : ‘कोयता’. ऊसतोडीत कोयता म्हणजे अवजार, आणि तोडणीला आलेलं नवरा-बायकोचं जोडपंही. मुकादमाची उचल कोयत्यामागे. माणसं दोन, हिशेबात एक. तिकडे खड्याची गोडी झाली, इकडे माणसांचं अवजार. साखरेची व्युत्पत्ती सांगताना हा अर्थबदलही सांगायला हवा.