उचल, हप्ता आणि परतीची वाट : वाढत्या शहराच्या काही कथनांविषयी

१

दसऱ्यानंतर वडवणीच्या रस्त्यावरून दोन तऱ्हेची वाहने पश्चिमेकडे जातात. दिवसा ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. त्यांत भांडीकुंडी, धान्याची पोती, एखादी शेळी, कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर बसलेली माणसे. ऊसतोडीच्या या टोळ्या पाच-सहा महिन्यांसाठी कारखान्यांवर निघालेल्या असतात. रात्री पुण्याकडे जाणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्स. त्यांत सॅक घेतलेली विशीतली मुले. कोणी चाकणला ठेकेदाराकडे, कोणी डिलिव्हरीच्या कामावर, कोणी सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या तयारीला. आमच्याकडे अशी पुष्कळ घरे आहेत, की आईबाप पहिल्या वाहनात असतात आणि मुलगा दुसऱ्या.

अशाच एका घरातला मुलगा माझ्याकडून पुस्तके नेतो. मी काही प्राध्यापक नाही. महाविद्यालय पहिल्याच वर्षी सुटले, पुढचे शिक्षण जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि दिवाळी अंकांत झाले. त्याला मी भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ दिली. गावाकडून पुण्यात शिकायला गेलेल्या मुलाची गोष्ट, त्याला जवळची वाटेल, असा माझा हिशेब. पाडव्याला पुस्तक परत देताना तो म्हणाला, “चांगलं हाय, काका. पण ह्याला माघारी यायला वावर होतं. आपल्याला कुठंय?”

मी ‘कोसला’ चार वेळा वाचली आहे. पांडुरंग सांगवीकरच्या एकटेपणावर, भाषेवर, पिढीवर मराठीत जे लिहिले गेले त्यातलेही बरेच वाचले आहे. पण गाव सोडताना मागे काय शिल्लक होते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. प्रस्तुत लेख त्या एका वाक्यातून निघाला आहे.

वाढत्या शहराविषयीच्या लेखनाचे आपण कप्पे केले आहेत. महानगरी, ग्रामीण, दलित. कप्पे सोयीचे असतात. पण शहर ज्या पैशावर वाढते तो पैसा कप्पे पाळत नाही. म्हणून इथे काही पुस्तकांना मी तीनच प्रश्न विचारणार आहे. माणूस शहरात कोणाच्या पैशावर आला? तिथे त्याच्याकडून काय वसूल झाले? आणि जमले नाही तर त्याला परतीची वाट आहे का?

२

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ पासूनच होता. पुण्याभोवतीच्या शेतांत आता वसाहती आखल्या जाऊ लागल्या. त्याच सुमारास, १९६३ या एकाच वर्षी, मराठीत तीन पुस्तके आली : नेमाड्यांची ‘कोसला’, जयवंत दळवींची ‘चक्र’ आणि बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह. एकीला आपण नव्या कादंबरीची सुरुवात म्हटले, दुसरीला झोपडपट्टीची कादंबरी, तिसऱ्याला दलित कथेचा पाया. तिन्ही एका रांगेत ठेवून वाचण्याची सवय मात्र आपल्याला लागली नाही.

ठेवून पाहावीत. पांडुरंग पुण्यात येतो तो वडिलांच्या पैशावर. वडील खानदेशातले बऱ्यापैकी शेतकरी आहेत आणि पैशाच्या बाबतीत कडक. वसतिगृहातल्या उठाठेवींत पांडुरंग पैसे घालवतो, बापाशी त्याचे वाजते, शिक्षण फसते आणि तो सांगवीला परततो. हे परतणे त्याला पराभव वाटते, आणि त्या दुःखाचा खरेपणा मी नाकारत नाही. पण तो घरी येऊन जेवतो, पारावर बसतो आणि विचार करतो. त्याच्या रिकामपणाचा खर्च ज्या वावरातून निघतो त्यात कोण राबते, हे त्याच्या गोष्टीत कडेलाच राहते.

बागुलांच्या शीर्षककथेतला निवेदक उधन्याला रेल्वेत कामाला लागतो. नोकरी मिळते, पण राहायला खोली हवी, आणि खोलीच्या आधी जात विचारली जाते. तो ती सांगत नाही, लोक त्याला वरच्या जातीचा समजतात आणि उघडे पडल्यावर तो मार खातो. शहरात पगार सगळ्यांना एका खिडकीवर मिळतो, पण त्या पगाराने खोली घेता येईल की नाही हे दुसरेच काही ठरवते. उत्पन्नाच्या आकड्यांत न दिसणारी ही विषमता बागुलांनी एका खोलीच्या शोधातून दाखवली. आणि या माणसाने परतायचे कुठे? ज्या गावात त्याची जात सगळ्यांना पाठ आहे, तिथे?

‘चक्र’मधल्या अम्माला तर हा प्रश्नही विचारता येत नाही. मागचे तुटलेले आहे आणि पुढचे खोपटे केव्हा मोडेल याचा भरवसा नाही. तिच्या हिशेबात गाव नाही, महिनाही नाही. फक्त आजचा दिवस आहे.

एकच वर्ष, एकच शहराकडची वाट आणि तीन वेगळे हिशेब. ज्याला परत जाता येते तो शहराला अर्थशून्य म्हणू शकतो. ज्याला येत नाही त्याला शहराशी भांडावे लागते. आपल्या समीक्षेने यातल्या पहिल्या आवाजाला ‘माणसाची अवस्था’ म्हटले आणि उरलेल्या दोघांना ‘समाजाचे चित्रण’ म्हटले. तिन्ही पुस्तकांच्या वाचनात मला आज सर्वांत जास्त खटकते ते हेच.

३

हा प्रश्न आपल्यापुरता नाही, हे मला एका नायजेरियन कादंबरीने शिकवले. चिनुआ अचेबे यांची ‘नो लाँगर ॲट ईज’ १९६० साली, म्हणजे नायजेरिया स्वतंत्र झाला त्याच वर्षी आली. लागोस तेव्हा राजधानी होते आणि झपाट्याने वाढत होते. आज त्याची वस्ती कोटीच्या पुढे गेली आहे. शब्दकोश शेजारी ठेवून मी ही कादंबरी वाचली आणि तिच्यात मला आमची उचल दिसली.

उमुओफिया या गावची लागोसमध्ये नोकरी-धंदा करणारी माणसे एक मंडळ चालवतात. वर्गणी काढून ती ओबी ओकोन्क्वो या हुशार मुलाला विलायतेत शिकायला ८०० पौंड देतात. दान म्हणून नाही, कर्ज म्हणून. गावाचा एक माणूस वर चढला की गावाचे काम होईल, ही त्यामागची अपेक्षा. ओबी परततो, सरकारी नोकरी मिळवतो. एकेकाळी गोऱ्यांसाठी राखलेल्या इकोयी भागात त्याला घर मिळते, मोटार येते. आणि मग हप्ते सुरू होतात : मंडळाचे कर्ज, मोटारीचा विमा, प्राप्तिकर, विजेचे बिल, घरी पाठवायचे पैसे, आईचे आजारपण. अचेबे एकेक रक्कम मांडत जातात. शेवटी हा लाचेला ठाम विरोध करणारा तरुण लाच घेतो आणि पकडला जातो. कादंबरी सुरूच होते ती त्याच्या खटल्यापासून. आता प्रश्न राहतो तो एवढाच, की हे कसे घडले.

आमच्याकडे मुकादम हंगामाआधी नवरा-बायकोला, म्हणजे एका कोयत्याला, उचल देतो. ती टनावर फेडायची. खाडा झाला तर कापले जाते. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. ओबीचे मंडळ मुकादमासारखे पिळणारे नाही. ते भावकीचे आहे, शेवटी त्याच्यासाठी वकीलही तेच देते. पण आगाऊ पैसा घेतलेल्या माणसाचे पुढचे दिवस आधीच विकलेले असतात, हे दोन्हीकडे सारखे. तरुणाच्या पडण्याला अचेबे निव्वळ चारित्र्याचा दोष मानत नाहीत, आणि त्याला निर्दोषही ठरवत नाहीत. ते हिशेब दाखवतात. मराठीत लाचखाऊ अधिकारी आपण व्यंगचित्रासारखा पुष्कळ रंगवला. तो नोकरीला लागला त्या दिवशी त्याच्यावर कोणाकोणाचे देणे होते, हे विचारणारी गोष्ट त्या मानाने दुर्मीळ.

आणखी एक साम्य अंगावर येते. ओबीचे जिच्यावर प्रेम आहे ती क्लारा ओसू आहे. म्हणजे इग्बो समाजात पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवलेल्या कुळातली. शिकलेला, ख्रिस्ती झालेला, विलायत पाहिलेला ओबी आणि त्याचे ख्रिस्ती आईबाप, सगळे या एका शब्दापाशी अडतात. उधन्याची खोली आणि इकोयीचे घर यांत अंतर फार नाही.

४

मुंबईही अशीच गावांच्या पैशावर आणि माणसांवर उभी राहिली. गिरणगावात एका गावचे पुरुष मिळून एक खोली घेत आणि पाळ्यांप्रमाणे तिथे झोपत. गोव्याच्या लोकांचे गावागावांचे ‘कूड’ धोबीतलावच्या आसपास होते. नोकरी लावून देणारा जॉबर गावचा नाहीतर ओळखीचा. त्यालाही मुकादम म्हणत. ‘खाडा’ हा शब्द गिरणीत होता, आज तो उसाच्या फडात आहे. लागोसच्या बाजारातल्या योरुबा बायका ‘एसुसू’ लावतात, म्हणजे आपली भिशीच. बँक ज्यांना दारात उभे करत नाही, ते एकमेकांच्या शब्दावर पैसा उभा करतात. जगभरची शहरे अशा चिठोऱ्यांवर वाढली आहेत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. इतके महिने संप कशाच्या बळावर चालला? पुढारी, निष्ठा, चीड हे तर होतेच. पण कोकणात आणि घाटावर ज्यांचे थोडेफार शेत होते ते गावी गेले आणि भात-भाकरीवर तग धरून राहिले. ज्यांना गावी काही नव्हते त्यांची घरे आधी मोडली. संपानंतरच्या अशा मोडलेल्या घराची गोष्ट जयंत पवारांनी ‘अधांतर’ या नाटकात सांगितली. त्या घरातल्या मुलांना गाव फक्त ऐकून माहीत आहे. नाटकाचे नावच परतीची वाट नसल्याचे नाव आहे.

गाव आणि शहर ही एकच खातेवही आहे, हे मला सर्वांत स्पष्ट दिसले ते दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये. १९७८ साली आलेले हे आत्मकथन मुंबईचा कावाखाना आणि अकोले तालुक्यातले धामणगाव यांच्यामध्ये सतत ये-जा करते. वडील गोदीत कामाला, आई कागद-चिंध्या गोळा करणारी. शहरात रोकड पैसा हाताला लागतो. गावी परतले की पुन्हा महारकी आणि हक्काच्या नावाने मागून आणायचे बलुते. इथे परतीची वाट आहे, पण ती खाली नेणारी आहे. ‘वावर आहे की नाही’ हा माझ्या तरुण मित्राचा प्रश्न ‘बलुतं’ आणखी एक पायरी पुढे नेतो. वाट असली तरी त्या वाटेच्या टोकाला माणूस म्हणून कोण उभे करते?

आणि शहराचा हिशेब बाईच्या नावावर क्वचितच लिहिला जातो, हेही इथेच उघड होते. कावाखान्यात घर चालते ते आईच्या चिंध्यांवर. गिरणगाव जेवले ते खानावळवाल्या बायकांच्या हातचे. त्यांना कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांना १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करावे लागले. आमच्याकडेही अर्धा कोयता बाईचा असतो, उचल मात्र नवऱ्याच्या हातात पडते.

५

पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका १९८२ ची, म्हणजे मुंबईत गिरण्या थांबल्या त्याच वर्षाची. २००१ च्या जनगणनेत तिथली वस्ती १० लाखांच्या आसपास होती, २०११ मध्ये १७ लाखांच्या पुढे गेली. हिंजवडीच्या काचेच्या इमारती त्याच काळात वर आल्या. हे शहर कोणाच्या पैशावर वाढले? भांडवल, सरकारी जमीन, परदेशी कंत्राटे ही उत्तरे खरी आहेत. पण सदाशिव पेठेतली कॉट, मेस आणि अभ्यासिका यांचे महिन्याचे पैसे कुठून येतात, हे मला माझ्या गल्लीत दिसते. त्यातले काही उचलीतून येतात. सांगली-कोल्हापूरकडच्या फडात आई वाढे बांधते आणि तिचा मुलगा पुण्यात चालू घडामोडी पाठ करतो. हे दोन फोटो वेगवेगळ्या पुरवण्यांत छापून येतात, त्यांचा जमाखर्च मात्र एकच आहे. मुलगा पास झाला तर त्याचा सत्कार होतो, तो ओबीसारखा. नाही झाला तर त्याचे काय होते, याला आपल्याकडे गोष्ट नाही, फक्त वय उलटल्याची तारीख आहे.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे. साहित्याला खातेवहीसारखे वाचले तर वाक्याची चव, विनोद, मौन हे सगळे सुटते. ‘कोसला’ मोठी आहे ती तिच्या बोलण्यामुळे, सांगवीकरांच्या जमिनीमुळे नाही. मी जमिनीवरून तिचे मोल ठरवत नाही. पण पांडुरंगाला जी मोकळीक बोलू देते ती कुठून आली हे कळल्यावर ते बोलणे मला जास्त नीट ऐकू येते. आणि बागुलांच्या निवेदकाचा चढा आवाज, ज्याला काही समीक्षकांनी भडक म्हटले, तो भडक का आहे हेही कळते. त्याच्या पाठीशी काही नाही. त्याला हळू बोलणे परवडत नाही.

म्हणून या अंकाच्या वाचकांना माझी एक सूचना आहे. या दिवाळीत १९६३ ची ही तीन पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत आणि त्यांच्या जोडीला अचेबे आणि ‘बलुतं’ ठेवावे. प्रत्येक पात्र गाव सोडते त्या पानावर थांबून त्याच्या खिशात कोणाचे पैसे आहेत ते पाहावे. तो मुलगा यंदा घरी आला नाही. परीक्षा जवळ आहे, आणि आईबाप फडावर गेल्याने घराला कुलूप आहे. त्याच्यासाठी ‘बलुतं’ बाजूला काढून ठेवले आहे. ते वाचून तो काय विचारतो, त्याची मी वाट पाहतो आहे.