बिनतारी उपकरणांचे प्रमाणन आणि सॉफ्टवेअर : एक चिकित्सा

बिनतारी उपकरणाच्या प्रमाणनात त्याची प्रक्षेपणशक्ती व वारंवारता तपासली जाते. आधुनिक राउटरमध्ये मात्र या बाबी बहुतांशी सॉफ्टवेअर ठरवते. ते बदलताच प्रमाणित यंत्रही नियमबाह्य प्रक्षेपण करू शकते. अमेरिकेत ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील उपकरणांमुळे विमानतळांच्या हवामान रडारमध्ये व्यत्यय येऊ लागला. त्यामुळे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २०१४ मध्ये या उपकरणांचे सॉफ्टवेअर सुरक्षित राखण्याचे बंधन उत्पादकांवर घातले.

हेतू रास्त होता. बंधनाची व्याप्ती मात्र संदिग्ध राहिली. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ‘डीडी-डब्ल्यूआरटी’ या पर्यायी प्रणालीचा नामोल्लेख आल्याने संपूर्ण सॉफ्टवेअरच बंदिस्त करावे, असा अर्थ घेतला गेला. नोव्हेंबरमध्ये आयोगाने खुलासा केला. परंतु सर्वच बंदिस्त करणे उत्पादकास सोयीचे असते. त्याने सुधारणा देणे थांबविल्यावर सुरक्षेतील त्रुटी दूर करण्याचा ग्राहकाचा मार्ग खुंटतो.

२०१६ मध्ये टीपी-लिंकशी झालेल्या तडजोडीत २ लाख डॉलर दंडासोबत पर्यायी सॉफ्टवेअरला वाव देण्याची दिशाही आयोगाने स्वीकारली. तात्पर्य, नियमन प्रक्षेपणाच्या मर्यादांचे असावे. संपूर्ण संगणकाचे नव्हे.