केशवाहिन्यांचे गणित

शरीरातील केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या, तर एक लाख किलोमीटर लांबी होईल, पृथ्वीला अडीच वेढे बसतील! हे विधान पुस्तकांतून, तक्त्यांवरून वर्षानुवर्षे चालत आले आहे. आम्हीही ते सांगत आलो. आता मात्र ते तपासायला हवे.

हा अंदाज डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांचा. केशवाहिन्यांवरील संशोधनासाठी त्यांना १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९२२ सालच्या पुस्तकात त्यांनी स्नायूंचे वजन ५० किलो आणि स्नायूच्या आडव्या छेदात दर चौरस मिलिमीटरला २००० केशवाहिन्या असे धरले. गुणाकार अचूक आहे, गोची गृहीतकांत आहे. सामान्य पुरुषाचे स्नायू सुमारे ३० किलो भरतात आणि मांडीच्या स्नायूत दर चौरस मिलिमीटरला साधारण ३०० ते ४०० केशवाहिन्या आढळतात. ३०० धरल्या तर उत्तर येते सुमारे ९,००० किलोमीटर. मुलांनाच हा गुणाकार करू द्या.

आमचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असा आकडा ऐकून केशवाहिन्या म्हणजे एकदा टाकलेली नळयोजना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. १९७७ साली अँडरसन व हेन्रिकसन यांनी दाखवले, की आठ आठवडे नियमित सायकल चालवल्यावर मांडीच्या स्नायूतील केशवाहिन्यांची दाटी सुमारे २० टक्क्यांनी वाढते. व्यायामात रक्ताचा प्रवाह वाढतो, स्नायू ताणला जातो, 'व्हीईजीएफ' हे प्रथिन अधिक तयार होते आणि जुन्या वाहिन्यांना नवे फाटे फुटतात.

लठ्ठपणात ही दाटी कमी आढळते. त्याचा अर्थ वाहिन्या नष्ट झाल्या असाच होत नाही. स्नायुतंतू जाड झाले, की तेवढ्याच वाहिन्या अधिक जागेत विखुरतात. प्राणवायू आणि इन्सुलिन यांना तंतूपर्यंत जास्त अंतर कापावे लागते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्थूल प्रौढांपैकी ज्यांनी आहाराबरोबर व्यायामही केला, त्यांच्या केशवाहिन्या वाढल्या. ज्यांनी नुसते वजन उतरवले, त्यांच्या वाढल्या नाहीत.

म्हणजे वजनकाटा सगळे सांगत नाही. खो-खोच्या वेळी वर्गातल्या जाड मुलाला गुण मांडायला बसवणारे आपणच असतो. पृथ्वीच्या वेढ्यांपेक्षा त्याला मैदानात घेणे महत्त्वाचे आहे, कारण त्याचे स्नायूही नव्या वाहिन्या घडवू शकतात.