घरी तपासणी : बाटलीच्या आधी आणि नंतर

क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधांतून पसरणारा जिवाणू. बहुतेकांना त्याची लक्षणे जाणवत नाहीत. मात्र उपचार न झाल्यास मुलींच्या गर्भनलिकांना इजा होऊन वंध्यत्व येऊ शकते. डेन्मार्कमधील आरहूस भागातील हायस्कूल विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने घरीच नमुना घेऊन टपालाने पाठवायचा, दुसऱ्याने डॉक्टरांकडे जायचे. पहिल्या गटात सुमारे ९३ टक्के मुलींची तपासणी झाली, दुसऱ्यात ८ टक्क्यांहूनही कमी.

हे आकडे पाहून मालवणातही बाटल्या वाटाव्यात असे कोणालाही वाटेल. पण या प्रयोगाने सिद्ध झाले ते एवढेच की, लाज आणि हेलपाटा टळला तर तरुण तपासणीला तयार होतात. पुढचे काय?

आपल्याकडचे दोन अभ्यास इथे उपयोगी पडतात. डॉ. राणी व अभय बंग यांनी १९८९ मध्ये गडचिरोलीतील ६५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग होता. हा आकडा पुष्कळदा लैंगिक आजारांचा म्हणून सांगितला जातो, ते चूक आहे. त्यात पाळीच्या तक्रारींसारखे इतर विकारही आहेत. शेजारच्या गोव्यातील २,४९४ स्त्रियांच्या अभ्यासात (२००६) लैंगिक संसर्ग सुमारे ४ टक्केच आढळला. पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध तिथे मानसिक ताणाशीही दिसला. म्हणजे तक्रार असली तरी संसर्ग असतोच असे नाही, आणि संसर्ग असला तरी तक्रार असतेच असे नाही. म्हणून तपासणी हवीच.

पण वाडीवर आलेले पाकीट आधी घरातले कोणीतरी फोडते. शिवाय २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध हा गुन्हा असून, तो ठाऊक असणाऱ्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. सतरा वर्षांच्या मुलीचा अहवाल त्यामुळे पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ शकतो. ही भीती असताना ती बाटली परत कशी करील?

तेव्हा सुरुवात अठरा वर्षांवरील महाविद्यालयीन तरुणांपासून व्हावी. नमुना घरी घ्यावा, पण पाकीट घरी येऊ नये. ते रुग्णालयातून न्यावे, तिथेच द्यावे. अहवाल ज्याचा त्यालाच मिळावा, आणि औषध जोडीदारालाही मिळावे. नाहीतर संसर्ग पुन्हा होतो. शिक्षकांनी नमुने गोळा करू नयेत. शरीराची माहिती आणि सरकारी रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकचा पत्ता मात्र वर्गात मोकळेपणाने सांगावा.