रॉयकृत रोमन छावण्यांचे आराखडे व एक बनावट पोथी

मेजर-जनरल विल्यम रॉय याचा उत्तर ब्रिटनमधील रोमन लष्करी अवशेषांवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७९३ सालीं, लंडनच्या पुराणवस्तु-मंडळानें प्रसिद्ध केला. ह्या ग्रंथांतील छावण्यांचे आराखडे व त्यांतील भूगोलविषयक विवेचन हीं दोन्ही एकाच तराजूंत घालतां येत नाहींत.

आराखडे मोलाचे आहेत. रॉय हा पेशानें मोजणीदार. १७४७ ते १७५५ पर्यंत चाललेल्या स्कॉटलंडच्या लष्करी मोजणींत डोंगराळ मुलूख त्यानें पायांखालीं घातला होता. बर्न्सवॉर्कचेंच पाहावें. डम्फ्रीजशायरांतील ह्या सपाट माथ्याच्या टेकडीवर तद्देशीय लोकांचा प्राचीन कोट असून उत्तरेस व दक्षिणेस उतारावर एकेक रोमन छावणी आहे. दक्षिण छावणीच्या तटाला, टेकडीच्या अंगास, कोटाच्या दरवाजांवर रोंखलेले तीन मोठे उंचवटे आहेत. ते ‘तीन भाऊ’ अशा अर्थाच्या नांवानें ओळखले जातात. हा खरा वेढा कीं पलटणींचा नुसता सराव? जॉर्ज जोबी यानें १९६० नंतरच्या उत्खननावरून सरावाचा पक्ष घेतला. पुढें २०१३ नंतरच्या शोधांत शिशाचे गोफणगोळे शेंकड्यांनीं आढळले, त्यांवरून जॉन रीड व अँड्र्यू निकोल्सन यांनीं वेढ्याचा घेतला. कित्येक गोळ्यांस भोंक पाडलेलें आहे. ते उडतांना शीळ घालीत असावेत! पक्ष कोणताही घ्या, वादाचा पाया छावण्यांची प्रत्यक्ष मांडणी हाच, आणि रॉयचें काम तेथेंच उपयोगी पडतें.

विवेचनाची गोष्ट निराळी. त्याचा बराच भाग चौदाव्या शतकांतील रिचर्ड ऑफ सायरेन्सेस्टर ह्या साधूच्या नांवावर खपविलेल्या पोथीवर उभारलेला आहे. ती रचिली कोपनहेगन येथें इंग्रजी शिकविणाऱ्या चार्ल्स बर्ट्रम यानें. अस्सल प्रत कोणींच पाहिली नाहीं. विल्यम स्ट्यूकली यास कांहीं ओळींची हुबेहूब नक्कल तेवढी धाडण्यांत आली. कॉटन ग्रंथसंग्रहाच्या रक्षकानें तीवरून पोथी चारशें वर्षांची ठरविली, आणि १७५७ सालीं ग्रंथ छापून निघाला. पुढें १८६६-६७ सालीं बर्नार्ड वुडवर्ड यानें त्या नक्कलेंत निरनिराळ्या काळांतील अक्षरवळणांची भेसळ असल्याचें दाखविलें, तेव्हां लबाडी उघड झाली. जो गृहस्थ खंदक स्वतः मोजल्यावांचून कागदावर घेत नसे, त्यानें पोथी मात्र दुसऱ्याच्या शब्दावर घ्यावी, ह्याचें नवल वाटतें. बखरींच्या नकला हाताळणारांस हा मोह अपरिचित नसेल.

ग्रंथारंभींचा रोमन ब्रिटनचा नकाशा ह्याच पोथीवरून दुरुस्त केलेला आहे. ज्यांच्या संग्रहीं हा ग्रंथ असेल, त्यांनीं त्याच्या समासांत बर्ट्रमचें नांव टिपून ठेवावें.