शंभर वर्षांत नेमके काय संपणार? : टंचाईची आवर्तसारणी वर्गात लावण्यापूर्वी

मेंडेलीव्हची गोष्ट आपण सगळेच वर्गात रंगवून सांगतो. १८७१ साली त्याने ॲल्युमिनियमच्या आणि सिलिकॉनच्या खालच्या जागा रिकाम्या ठेवल्या, तिथे कोणत्या गुणधर्मांची मूलद्रव्ये यावीत हे आधीच लिहून ठेवले, आणि १८७५ मध्ये गॅलियम व १८८६ मध्ये जर्मेनियम सापडून ते भाकीत खरे ठरले. इथे तास संपतो, गोष्टही संपते. पण या दोन मूलद्रव्यांची पुढची हकिगत विद्यार्थ्यांनी ऐकावी अशी आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनने नेमक्या याच दोघांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि जगभरच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगात धावपळ उडाली. कारण मोबाइल फोनमधून टॉवरकडे जाणारा संकेत ज्या चकतीत वाढवला जातो ती बहुधा गॅलियम आर्सेनाइडची असते. आणि प्रकाशतंतूच्या गाभ्यातील काचेत जर्मेनियमचे ऑक्साइड मिसळलेले असते. त्यामुळे गाभ्याचा अपवर्तनांक भोवतालच्या काचेपेक्षा किंचित वाढतो, आणि पूर्ण आंतरिक परावर्तनाने प्रकाश आतच राहतो.

अशा गोष्टी शिकवायला हाताशी एखादा तक्ता हवा असे वाटते, तेव्हा बहुतेक जण युरोपियन केमिकल सोसायटीने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आवर्तसारणीकडे वळतात. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आवर्तसारणीचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. या तक्त्यात निसर्गात आढळणारी नव्वद मूलद्रव्ये आहेत, पण चौकोनी घरे नाहीत. जे मूलद्रव्य पृथ्वीच्या कवचात व वातावरणात जास्त, त्याचा तुकडा मोठा. ही कल्पना मुळात अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ शीहान यांची, सत्तरच्या दशकातली. नव्या तक्त्याने तिच्यावर रंग चढवले: हिरवा म्हणजे मुबलक, पिवळा म्हणजे मर्यादित, नारिंगी म्हणजे वाढत्या वापराने धोक्यात येणारे, लाल म्हणजे येत्या शंभर वर्षांत गंभीर धोका असलेले, आणि करडा म्हणजे यादवी युद्धांना पैसा पुरवणाऱ्या खाणींतून येऊ शकणारे. फोनमध्ये वापरल्या जाणाऱ्या सुमारे तीस मूलद्रव्यांवर फोनची छोटी खूण आहे.

तक्ता देखणा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तो पाहताच मुले प्रश्न विचारू लागतात. आवर्तसारणी म्हणजे पाठ करायची वस्तू, ही समजूत त्याने एका नजरेत मोडते. तो भिंतीवर असावा असेच आमचे मत आहे. मात्र तो जसाच्या तसा लावला तर मुलांच्या मनात दोन-तीन चुकीच्या गोष्टी घट्ट बसतील.

पहिली गोष्ट आकाराची. तुकड्यांची क्षेत्रफळे अणूंच्या संख्येशी लॉगॅरिथमच्या प्रमाणात आहेत. त्याला इलाज नव्हता हे खरे. कवचात सोन्याच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे शंभर कोटींहून अधिक अणू आहेत. खऱ्या प्रमाणात काढायचे आणि सोन्याला एक चौरस मिलिमीटर जागा द्यायची, तर ऑक्सिजनला कबड्डीची दहा मैदाने लागतील. पण लॉगॅरिथम न शिकलेल्या आठवीच्या मुलाला तक्त्यावरून वाटते की ऑक्सिजन सोन्याच्या काही पट आहे, इतकेच. ही चूक सुधारायला एक खडू आणि शाळेचे मैदान पुरते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, आणि ती लाल रंगाची आहे. ‘शंभर वर्षांत धोका’ हे वाचून मूल विचारते, ‘म्हणजे संपणार?’ ज्या शिक्षकाने आदल्याच आठवड्यात द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम शिकवला, त्याने यावर काय उत्तर द्यावे? २०१९ च्या तक्त्यात हेलियम, इंडियम, गॅलियम आणि जर्मेनियम हे चौघेही लाल आहेत. पण त्यांची दुखणी वेगवेगळी आहेत.

हेलियम खरोखरच जातो. तो नैसर्गिक वायूबरोबर वर येतो, आणि एकदा हवेत सुटला की हळूहळू अवकाशात निसटतो. प्रकाशतंतू ओढताना तापलेली काच थंड करायलाही तो लागतो.

इंडियमचा अणू कुठेही जात नाही, तो विखुरतो. फोनच्या पडद्यावर इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक, वीज वाहून नेणारा थर असतो. हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. पडदा १५ सेंटिमीटर गुणिले ७ सेंटिमीटर, एकच थर, जाडी १०० नॅनोमीटर आणि घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७ ग्रॅम माना. थराचे वजन सात-साडेसात मिलिग्रॅम भरते आणि त्यात इंडियम साधारण तीन चतुर्थांश, म्हणजे साडेपाच मिलिग्रॅम. एक लाख फोन गोळा करून, फोडून, रसायनांत विरघळवून हाती येणार अर्धा किलो. एवढे श्रम करायला कोण तयार होईल? अणू आहेत, पण ते वेचण्याचा खर्च त्यांच्या किमतीच्या पुढे जातो.

गॅलियमचे तिसरेच. पृथ्वीच्या कवचात तो शिशापेक्षा कमी नाही. बहुतेक अंदाजांनुसार थोडा जास्तच आहे. पण शिशाच्या खाणी असतात, तशा गॅलियमच्या जवळजवळ नसतात. तो बॉक्साइटमध्ये दर दहा लाख भागांत पन्नासेक भाग इतका पसरलेला असतो आणि ॲल्युमिना काढताना जोडीला मिळवावा लागतो. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडी भागात बॉक्साइट आहे हे भूगोलाच्या तासाला शिकवले जाते. त्या तांबूस दगडाकडे या नजरेनेही पाहता येईल. जर्मेनियम आणि इंडियम असेच जस्ताच्या मागून येतात. जगात वर्षाला शुद्ध जस्त सव्वा कोटी टनांच्या वर निघते, इंडियम हजार टनांच्या आसपास. इंडियम महागले म्हणून कोणी जस्ताची नवी खाण काढत नाही. लग्न जस्ताचे, इंडियम वऱ्हाडातले. म्हणून २०२३ साली पृथ्वीवर गॅलियमची कमतरता नव्हती. कमतरता होती ती तो वेगळा काढणाऱ्या कारखान्यांची, आणि त्यांतून निघणाऱ्या जगातील नव्या गॅलियमपैकी ९५ टक्क्यांहून अधिक एकट्या चीनमधला होता. तक्त्यातल्या लाल रंगाला हे सांगता येत नाही. तो भूगर्भाकडे बोट दाखवतो.

तिसरा आक्षेप फोनच्या खुणेवर. ती हातातल्या यंत्रापुरती आहे. पण फोन काही एकटा बोलत नाही. टॉवरपासून पुढे आपला आवाज काचेतून जातो, आणि समुद्राखालच्या तारेत साठ-सत्तर किलोमीटरवर तो क्षीण होऊ लागतो. १९८८ साली अटलांटिकखाली टाकलेल्या पहिल्या प्रकाशतंतूच्या तारेत दर टप्प्यावर प्रकाशाची वीज करायची, ती वाढवायची आणि पुन्हा प्रकाश करायचा, असा द्राविडी प्राणायाम होता. १९८७ मध्ये साउदॅम्प्टनला डेव्हिड पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेत एर्बियमचे आयन मिसळून दाखवले. त्यांना बाहेरून लेसरने ऊर्जा पुरवली की ते १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश जागच्या जागी वाढवतात. हीच तरंगलांबी काचेत सर्वांत कमी शोषली जाते, हा निसर्गाने दिलेला योगायोग. १९९६ पासून अटलांटिकखालच्या तारा या पद्धतीने चालू लागल्या. एका टप्प्याला लागणारे एर्बियम इतके थोडे की तराजूत जाणवणार नाही. पण फोनच्या खुणेच्या नियमाने या मूलद्रव्याला दूरसंचारात जागाच उरत नाही! ज्या तक्त्याला वापर दाखवायचा आहे, त्याने फक्त खिशातली वस्तू मोजावी हे आम्हाला पटत नाही.

करड्या रंगाबद्दल मात्र तक्तेकारांचे कौतुक केले पाहिजे. कथिल, टँटलम, टंगस्टन आणि सोने यांच्यामागे माणसे राबतात, मरतात, हे रसायनशास्त्राच्या तक्त्यावर येणे ही साधी गोष्ट नव्हे. २००० साली टँटलमचा भाव अनेक पटींनी चढला आणि पूर्व काँगोत कोल्टनसाठी झुंबड उडाली, कारण इवल्याशा धारित्रात टँटलम ऑक्साइडचा पातळ थर भरपूर विद्युतभार साठवतो. इथे फक्त एवढे सांगावे की टँटलम ऑस्ट्रेलियातून आणि ब्राझीलमधूनही येते. दोष खाणीच्या व्यवस्थेचा आहे, अणूचा नाही.

तक्ता लावताना आम्ही एक भर सुचवू. लाल घरांवर विद्यार्थ्यांनीच कागदाच्या छोट्या पट्ट्या चिकटवाव्यात. पट्टीवर तीन ओळी: हे कशाबरोबर निघते, कुठे वेगळे केले जाते, आणि वापरल्यावर जाते कुठे. हेलियमची पट्टी एका तासात भरेल. इंडियमच्या शेवटच्या ओळीसाठी मुलांना गावातल्या भंगारवाल्याकडे जावे लागेल.